डावा आरसा

दि. ३ फेब्रुवारी

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबा त्यांच्या एकोणऐंशी वर्षांच्या मानाने आणि मी माझ्या गुडघ्यांच्या मानाने. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून पुढे लिहिते.

पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे कधी जात नाही. मी 'कसा आहेस' विचारते, तू 'ठीक' म्हणतोस आणि फोन बायकोच्या हातात देतोस. मग ती बिचारी माझ्याशी अर्धा तास बोलत बसते. पत्राचं बरं असतं, ते मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

तर बातमी अशी, की बाबांनी गाडी दुरुस्त करायला काढली आहे. म्हणजे काढली त्यांनी, करते मी. आपल्या दुकानाच्या काचा वाहायची गाडी, तीच हिरवी पिकअप. त्या दिवसानंतर ती गॅरेजमध्ये जी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. दुकानाचा माल पोचवायला मी पहिल्यापासून भाड्याचा टेम्पो धरला, आणि गाडीच्या डोक्यावर रिकामी खोकी, मोडक्या खुर्च्या, आईचं शिवणयंत्र असं एकेक चढत गेलं. तेवीस वर्षांत तिथे गाडी आहे हेच आम्ही विसरलो. निदान मी तरी विसरल्यासारखं केलं.

डिसेंबरात बाबा आठ दिवस दवाखान्यात होते ते तुला कळवलं होतंच. घरी आणलं त्या दिवशी मी अंथरूण घालून ठेवलं होतं, पण ते आत आलेच नाहीत. "गॅरेज उघड," म्हणाले. ताडपत्रीचं टोक उचलून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिला चालती कर. त्याला द्यायची आहे."

मी विचारलं, "कोणाला?" माहीत असून विचारलं.

"मला मुलगे किती आहेत?" म्हणाले.

झालं. तेव्हापासून माझ्या पाठीचे बारा वाजले आहेत. सहाला दुकान बंद करते, चहा घेते आणि दोन तास गॅरेजमध्ये. रविवारी दिवसभर. सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्या सुखाने नांदवल्या होत्या. पायाखालचा पत्रा इतका खाल्ला गेलाय की सीटवर बसलं की खालची फरशी दिसते. चारही टायर बसलेले, इंजिन जाम, ब्रेकचा तर पत्ताच नाही. एक नट सोडवायला परवा मला अख्खी संध्याकाळ लागली. रॉकेल ओतलं, हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या, शेवटी पान्यावर उभी राहिले. तेव्हा तो सुटला आणि मी पडले. बाबा म्हणाले, "उलटा फिरवत होतीस."

इंजिनाच्या आणि वेल्डिंगच्या कामाला मागच्या गल्लीतला म्हातारा मेकॅनिक येतो. त्याला सगळे चुकचुक म्हणतात, कारण गाडी कुठलीही असो, आधी तो तिच्याभोवती एक फेरी मारून चुकचुकतो. आपल्या गाडीभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या. मग म्हणाला, "बाई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल." मी म्हटलं, "कोंबडी घरची आहे." तेव्हापासून दर रविवारी येतो आणि जाताना दरवेळी नवीन काहीतरी बिघडलेलं सांगून जातो.

बाबा स्टुलावर बसतात. पायांवर घोंगडी, समोर पाच डबे. मी काढलेले नटबोल्ट ते डाव्या हाताने मापाप्रमाणे लावतात. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो. त्याची तीन बोटं मिटलेली आहेत तशीच आहेत. थकले की सांगत नाहीत, नुसते डबे चुकवायला लागतात. मग मी म्हणते की मी थकले, आणि आम्ही आत येतो. खोटं नसतंच ते.

काल डावीकडच्या दारावरचा रंग खरवडायला घेतला. खिडकीच्या खाली बोटांच्या पेरांएवढी जागा आधीच गुळगुळीत झालेली होती, पत्रा दिसत होता. चुकचुकने विचारलं, इथलाच रंग कसा गेला? मग त्याला सगळं सांगावं लागलं. हौद्यात काच चढली की गाडीत तोंड बंद, हा आमच्या बाबांचा कायदा. हाताची घडी, तोंडावर बोट. कारण बाबा डोळ्यांपेक्षा कानांनी गाडी चालवायचे. काच घासली की कुरकुरते, सैल झाली की टिकटिकते, आणि ते ऐकू यायचं तर माणसांनी गप्प बसलं पाहिजे. तू एकदा गाणं गुणगुणलास म्हणून तुला पेट्रोल पंपावर उतरवून दिलं होतं, आणि तू घरापर्यंत चालत, तेच गाणं मोठ्याने म्हणत आला होतास. ते ऐकून चुकचुक पहिल्यांदाच हसला. मग मी सांगितलं, की फारच काही गडबड दिसली तर दारावर दोनदा टकटक करायची. टकटक झाली की चालवणाऱ्याने गाडी थांबवायची, कारण नंतर विचारायचं. त्या टकटकीने रंग गेला.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नाही. शाळेच्या हॉलच्या काचा, पाण्याच्या टाकीजवळचं वळण, सुटलेला दोर, कलंडलेली काच आणि तिला सावरायला गेलेला बाबांचा हात. दोराची गाठ तुझी होती, हेही सगळ्यांना पाठ आहे. पुन्हा उगाळून काय मिळणार?

डावा आरसा फुटलेला आहे, नुसती चौकट उरली आहे. चुकचुक म्हणतो, तुमचं काचेचं दुकान, तुम्हाला दोन मिनिटांचं काम. घाई काय आहे? एका आरशावरही गाडी चालते.

बाबांचा तुला एक निरोप आहे. तो लिहायचाच होता, पण काल दिवसभर गंज घासून आज बोटं वळत नाहीत. लेकीला पापा. तुझ्या बायकोला म्हणावं, तिने फोनवर सांगितलेलं तेल गुडघ्यांना लावते आहे, उपयोग शून्य.

तुझी,
ताई

दि. १० मार्च

चि. बारक्या,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. 'बाबांना जप. गाडी तूच ठेव.' पाच शब्द. तारेच्या जमान्यात जन्मला असतास तर घरातल्या सगळ्यांनी तुझं कौतुक केलं असतं.

बाबांची तब्येत आहे तशीच. सकाळी बरी, दुपारी चिडकी, संध्याकाळी गॅरेजमध्ये गेले की पुन्हा बरी. डॉक्टर म्हणतात दम लागेल असं काही करू देऊ नका. मी म्हटलं ते काहीच करत नाहीत, मला करायला लावतात.

गाडीचं म्हणशील तर इंजिन सुटलं. चुकचुकने ते बाहेर काढून बारा दिवस त्याच्याकडे ठेवलं आणि परत आणून बसवलं. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा इतका धूर झाला की शेजारीण बादली घेऊन धावत आली. बाबा मात्र डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "एक प्लग मार खातोय." चुकचुक चुकचुकला, पण प्लग काढला तर खरंच काळा होता. पायाखालचा पत्रा नवा बसला. ब्रेक झाले. सीट मी स्वतः शिवली, आईच्या मशीनवर. शिवण वाकडी आहे, पण बसायला शिवण लागत नाही.

मागच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायचा लाकडी घोडा कुजला होता, तो नवा केला. दोर बांधायच्या कड्या घासून घेतल्या. डाव्या बाजूची एक निकामी होती, ती नवी बसवली.

रंग राहिला आहे. आणि तो आरसा.

आता निरोपाचं. बाबा रोज विचारतात, "लिहिलंस का?" मी दोनदा हो म्हणून गेले. या वयात बापाशी शाळकरी पोरीसारखं खोटं बोलते आहे. तेव्हा आता त्यांच्याच शब्दांत लिहिते, मध्ये माझं काही न घालता. म्हणाले: "त्याला लिही, गाठीचं मी मनातून काढून टाकलं. पोरवय होतं, हातून चूक होते. मी इतकी वर्षं धरून बसलो ते बरं केलं नाही. मी त्याला माफ केलंय. गाडी त्याची आहे, येऊन चालवत घेऊन जा म्हणावं."

हे सांगताना त्यांनी मला समोर बसवलं होतं आणि वाक्य संपलं की लिहून झालं का बघत होते. एकोणऐंशी वर्षांत त्यांनी कोणाला एवढं मोठं बोललेलं मी ऐकलं नाही. आपल्या घरात प्रेमसुद्धा टिकटिक ऐकू येईल इतक्या शांततेत करायची पद्धत.

निरोप लिहून झाला. त्याच्याखाली मी माझ्या दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या आवडल्या नाहीत म्हणून पान फाडून हे नवीन लिहिलं.

तुझी बायको परवा फोनवर हसत सांगत होती, की लेकीच्या बुटाची नाडी तू तीनदा तपासतोस आणि चौथ्यांदा तिला उभं करून ओढून बघतोस. आणि गाडी चालवायचं नाव काढलं की घराबाहेर निघून जातोस. ती हसत होती म्हणून मीही हसले. फोन ठेवला. दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाची काच दोन इंच छोटी कापली. अशी चूक माझ्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती.

पाठ फार दुखते आहे. थांबते.

ताई

दि. २१ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझं दुसरं कार्ड आलं. यावेळी पाच शब्द नव्हते. 'बाबांना सांग, निरोप पोचला. फार बरं वाटलं. तेवीस वर्षं मी रोज मनातल्या मनात ती गाठ बांधून बघत होतो, कुठे चुकलो ते कळत नव्हतं. आता बघणार नाही. सुट्टी मिळाली की येतो.'

मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले, कार्ड मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. भांडं एकही घासायचं नव्हतं.

तुझी गाठ सुटली नव्हती, बारक्या. कुठे चुकलो ते तुला कळत नव्हतं, कारण तू चुकलाच नव्हतास.

सोबत एक डबी पाठवते आहे, तीत लोखंडी कडी आहे. मागच्या पत्रात जी 'निकामी होती' असं एका ओळीत उरकलं ती हीच. चुकचुकने घासायला घेतली तेव्हा म्हणाला, "बाई, ही आत्ता नाही तुटलेली. बघा, तोंड उघडलंय आणि आतल्या चिरेत जुना गंज आहे. हिच्यात दोर अडकवला तरी ताण आला की बाहेर." मी म्हटलं, असेल. त्याने ती भंगाराच्या डब्यात टाकली. तो गेल्यावर मी डब्यातून काढून घेतली. तू आधी तिचं तोंड बघ. त्यातून दोर कसा निघाला असेल ते तुला कोणी सांगावं लागणार नाही. जोड बाबांनीच स्वतः मारला होता, गाडी घेतली त्या वर्षी.

पण मला हे कळायला कडी लागली नाही. मला त्या दिवसापासून माहीत आहे, कारण मी ते पाहिलं होतं.

तुला आठवत असेल, डाव्या आरशाचा स्क्रू सैल होता. तो मी नेहमी माझ्याकडे वळवून घ्यायचे, बाबा ओरडायचे. त्या दिवशी तू चालवत होतास, बाबा मध्ये आणि मी खिडकीशी. मी आरसा माझ्याकडे वळवला होता. म्हणून तुला मागचं काही दिसलं नाही. मला दिसलं. माझा चेहरा आणि खांद्यामागे हौद्याची डावी बाजू. पेट्रोल पंप मागे पडला आणि दोराचं टोक बाहेर आलं. वाऱ्यावर हलत होतं. तुझी गाठ त्याच्यात होती, घट्ट, शाबूत. नंतर लोकांनी काचा उचलताना दोर कापून फेकून दिला, तेव्हा कोणी बघितलंच नाही. मी बघितलेलं होतं.

पंपापासून टाकीच्या वळणापर्यंत तीन मिनिटं तरी लागतात. तीन मिनिटं मी बघत होते.

काच चढली होती, बोलायचं नव्हतं, हे मी स्वतःला इतक्या वर्षांत हजार वेळा सांगितलं. मूग गिळून बसायला आपल्या घरी नियमच होता ना. पण टकटक होती. माझा हात दारावरच होता. बोटं मुडपलेली होती. दोनदा वाजवायचं, तू थांबला असतास, दोर पुन्हा बांधला असता आणि संध्याकाळी बाबांनी कडीच्या जोडावरून स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या. एवढंच झालं असतं.

मी वाजवलं नाही, कारण मला राग आला होता. त्या सकाळी बाबांनी तुझ्या हातात काच कापायचा हिरा दिला आणि म्हणाले, "उद्यापासून टेबल तुझं." मी पाच वर्षं त्या टेबलापाशी काच कापत उभी होते. कड कशी मोडायची ते तुला मीच शिकवलं होतं. मला कोणी काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. तू माझ्याकडे बघून ओशाळला होतास, तेही मी पाहिलं आणि त्याचा अजूनच राग आला. आरशात ती गाठ हलताना दिसली तेव्हा वाटलं, ऐकून घेऊ दे याला एकदा. एखादी काच फुटेल, बाबा तडकतील, मग टेबल कोणाला द्यायचं ते पुन्हा बोलू. बाबा पडत्या काचेला हात घालतील हे माझ्या मनातही नव्हतं. पडत्या काचेला हात लावायचा नाही, हे आपल्याला त्यांनीच शिकवलेलं.

मग दवाखान्याच्या बाकावर, हाताला टॉवेल गुंडाळलेला असताना, त्यांनी विचारलं, "गाठ कोणाची?" तू म्हणालास, "माझी." मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. तिथे तर काचही नव्हती. तिथे बोलायला बंदी नव्हती.

पुढचं तुला ठाऊक आहे. आठ महिने बाबा तुझ्याशी 'जेवायला ये' याच्यापलीकडे बोलले नाहीत आणि तू गेलास. आईच्या वेळी आलास आणि दोन दिवसांत परतलास. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि टेबल मला मिळालं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. गिऱ्हाइकं म्हणतात, बाईंच्या हाताला डोळे आहेत. मी हसते. रोज सकाळी हिरा हातात घेताना मला तुझी आठवण येते, आणि रोज मी काच कापते.

तुला लिहिण्याआधी बाबांना सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. डॉक्टरांना न विचारता बाबांना मध्ये बसवलं, त्यांच्या जागेवर. हौदा रिकामा होता, पण ते सवयीने गप्प. मीही गप्प. टाकीच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. मग मी सांगितलं, सगळं, आत्ता तुला लिहिलं तेवढं. खिशातून कडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या हाताने डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने जोड चाचपला. मागून दोन गाड्या हॉर्न वाजवून गेल्या.

मग म्हणाले, "टकटक का नाही केलीस?"

"राग आला होता."

"त्याचा?"

"तुमचा."

पुन्हा कडी बघत बसले. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवं होतं. ते म्हणाले, "मग निरोप बदलायला पाहिजे."

मी विचारलं, "काय लिहू?"

त्यांनी फार विचार केला. शेवटी म्हणाले, "लिही, गाठ चांगली होती."

"एवढंच?"

"त्याला कळेल. माफीचं मी बोललो ते खोडून टाक. मी कोण त्याला माफ करणारा. माफ त्यानेच करायचं, तर करेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं तू लिही. आता घरी घे, दम लागतोय."

तेव्हा हा बाबांचा निरोप: गाठ चांगली होती. कार्ड उशीखालीच आहे. त्या दिवसापासून चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवत होते, गोळी दिली की घेत होते. आठ महिने तुला कसे गेले असतील ते मला चार दिवसांत कळलं. अर्धवटच कळलं असणार. पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आरसा कधी कापतेस?"

काल कापला. दोन मिनिटांचंच काम होतं. चौकटीत बसवला, स्क्रू नवा घातला आणि पान्याने इतका आवळला की आता कोणाला वळवता येणार नाही. चालवणाऱ्याकडे वळवून लावला आहे. तुझी उंची आठवून लावला, बाबा चालवणाऱ्याच्या जागेवर बसून 'थोडा वर, थोडा वर' असं सांगत होते. मला त्यात आता काही दिसत नाही.

गाडी तयार आहे. हिरवा रंग जरा गडद झाला, चुकचुकने डबा चुकीचा आणला. डाव्या दारावर मात्र ती पेरांएवढी जागा मी रंगवली नाही, पत्रा तसाच ठेवला.

माफ कर म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणते. नाही केलंस तर तेही बरोबरच असेल. पण कडी बघ. लेकीच्या बुटाची नाडी एकदाच बांध आणि तिला जाऊ दे. आणि बाबांसाठी ये. त्यांना फार दिवस आहेत असं डॉक्टर म्हणत नाहीत. तू येशील तेव्हा मी दुकानात थांबेन, तुझी इच्छा नसेल तर समोर येणार नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे. टेबलही तुझं आहे, तुला हवं असेल तर.

फार थकले आहे रे. गाडीने नाही.

इतक्या उशिरा, पण दारावर दोनदा वाजवते आहे. थांब.

तुझी,
ताई